शब्दज्ञानाचे मोजमाप : परभाषा-शिक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

परभाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्या भाषेतील किती शब्द येतात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा वाटतो. शब्द मोजावेत, त्यांपैकी विद्यार्थ्यास येणारे वेगळे काढावेत व बेरीज करावी, एवढेच त्याचे उत्तर असावे असा सामान्य समज आहे. परंतु या प्रश्नाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर असे दिसून येते की, ही बेरीज करण्यापूर्वी आणखी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. शब्द कशाला म्हणावयाचे? शब्द येतो म्हणजे नेमके काय होते? आणि हाती येणारा आकडा कोणाच्या उपयोगासाठी काढावयाचा? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. तिसरा प्रश्न मात्र बहुधा गृहीत धरला गेला. वस्तुतः शब्दमापनाच्या पद्धतींत जे बदल घडून आले, त्यांचे मूळ या तिसऱ्या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांत आहे. शिक्षकाला कोणते शब्द शिकवावेत हे ठरविण्यासाठी ज्या याद्या तयार झाल्या, त्याच पुढे विद्यार्थ्याची पात्रता ठरविण्याचे साधन बनल्या. हे स्थित्यंतर कसे झाले व त्यात काय मिळाले, काय हरवले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

शब्दांची स्वतंत्र परीक्षा ही कल्पना तशी अर्वाचीन आहे. त्यापूर्वी शब्दज्ञान ही पाठांतराची किंवा भाषांतराची बाब समजली जात असे. संस्कृत पाठशाळांत अमरकोश मुखोद्गत असणे हे शब्दसंपत्तीचे लक्षण मानीत. तेथे शब्दांचा संच ठरलेला होता, त्यांचा क्रमही ठरलेला होता, आणि परीक्षा ही त्या क्रमाने शब्द म्हणून दाखविण्याची होती. युरोपात ग्रीक व लॅटिन या भाषांच्या अध्यापनात शब्दज्ञानाची कसोटी भाषांतर ही होती, आणि एकोणिसाव्या शतकात हीच पद्धती आधुनिक भाषांच्या वर्गांत उतरली. महाराष्ट्रातील इंग्रजी अध्यापनावरही तिचाच ठसा होता. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. शब्द व त्यांचे मराठी अर्थ पाठ करावेत, मग त्याच शब्दांनी गुंफलेल्या वाक्यांचे भाषांतर करावे, ही तिची रीत. ज्यास धड्याची वाक्ये या भाषेतून त्या भाषेत नेता येतात, त्यास त्या धड्यातील शब्द येतात, असे यात अभिप्रेत असे.

इंग्लंडातील परीक्षकांची दृष्टीही निराळी नव्हती. परकीय भाषकांसाठी केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली सुरू केलेल्या इंग्रजी प्रावीण्याच्या परीक्षेत भाषांतर, व्याकरण, निबंध, ध्वनिशास्त्र, साहित्य व तोंडी परीक्षा यांचा समावेश होता. शब्दज्ञानाची निराळी प्रश्नपत्रिका तीत नव्हती. त्या पहिल्या परीक्षेस तीन उमेदवार बसले व तिघेही अनुत्तीर्ण झाले. ही परीक्षा कठीण होती यात शंका नाही. परंतु उमेदवार कोठे कमी पडला, शब्दांत, वाक्यरचनेत की विचारात, हे अशा परीक्षेच्या गुणांवरून सांगता येत नसे. शब्दज्ञान इतर ज्ञानापासून अलग करून पाहण्याची गरज येथून निर्माण होते.

३

ही गरज भागविण्याचे साधन प्रथम भाषाशिक्षणाच्या बाहेर तयार झाले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म केडिंग यांनी १८९७-९८ मध्ये जर्मन भाषेतील शब्दांच्या वारंवारतेचा कोश प्रसिद्ध केला. सुमारे एक कोटी दहा लक्ष शब्दांची हातांनी केलेली ही गणना लघुलेखनाच्या सोयीसाठी होती. कोणते शब्द व अक्षरसमूह वारंवार येतात हे कळले, म्हणजे त्यांना सुटसुटीत चिन्हे देता येतात, एवढाच तिचा हेतू. मराठीतही याला समांतर असे उदाहरण आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६१ साली प्रसिद्ध केलेला एस. व्ही. भागवत यांचा मराठी स्वनिमांच्या वारंवारतेवरील प्रबंध शीघ्रलिपी सिद्ध करण्याच्या प्रश्नाशीच निगडित होता. भाषेतील घटक मोजण्याची प्रेरणा लेखनिकाच्या गरजेतून यावी, हा दोन्हीकडचा योगायोग अर्थपूर्ण आहे.

शिक्षणक्षेत्रात या गणनेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी. त्यांचे ‘टीचर्स वर्ड बुक’ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक्केचाळीस प्रकारच्या वाङ्मयातील सुमारे पंचेचाळीस लक्ष शब्दांच्या गणनेतून निवडलेले १०,००० शब्द त्यात होते. पुढे ही यादी २०,००० शब्दांपर्यंत वाढली व १९४४ मध्ये अर्व्हिंग लॉर्ज यांच्या सहकार्याने ३०,००० शब्दांची झाली. ज्या वाङ्मयातून ही गणना झाली त्यात बायबल व अभिजात इंग्रजी ग्रंथ यांचा वाटा फार मोठा होता. बालवाङ्मय, शालेय पुस्तके, वृत्तपत्रे व पत्रव्यवहार यांचा वाटा त्यामानाने लहान. अमेरिकन मुलांसाठी पुस्तके निवडणाऱ्या शिक्षकास ही यादी उपयोगी पडावी, असा थॉर्नडाइक यांचा उद्देश होता. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणारा विद्यार्थी त्यांच्या नजरेसमोर नव्हता.

याच दशकात अमेरिकेत आधुनिक परभाषांच्या अध्यापनाची मोठी पाहणी झाली. तिच्या अनुषंगाने बुकॅनन यांनी स्पॅनिश (१९२७), मॉर्गन यांनी जर्मन (१९२८) व व्हँडर बेक यांनी फ्रेंच (१९२९) शब्दांच्या वारंवारतेची पुस्तके तयार केली. मॉर्गन यांनी तर केडिंग यांच्या लघुलेखनासाठी केलेल्या गणनेचाच आधार घेतला. शब्दांची क्रमवारी हाती आल्यावर परीक्षकास प्रथमच असे म्हणता येऊ लागले की, अमुक विद्यार्थ्यास पहिल्या हजारांपैकी इतके व दुसऱ्या हजारांपैकी इतके शब्द येतात. शब्दज्ञानाला जणू एक मोजपट्टी मिळाली. मात्र ती मोजपट्टी कोणत्या कापडासाठी आखली होती, याचा विचार क्वचितच झाला.

४

हा विचार ज्यांनी गंभीरपणे केला, त्यांत मायकेल वेस्ट यांचे नाव अग्रगण्य आहे. वेस्ट हे भारतीय शिक्षणसेवेतील अधिकारी असून ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्वैभाषिकतेवरील त्यांचा अहवाल १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मांडलेली एक कल्पना आजही मननीय आहे. विम्याचे हप्ते मध्येच थांबविले, तर विमेदारास जी रक्कम परत मिळते तिला ‘सरेंडर मूल्य’ म्हणतात. वेस्ट यांनी ही संज्ञा शालेय विषयांना लावली. जो विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून जातो, त्याच्या पदरी त्या विषयाचे काय पडते? बंगालमधील बहुसंख्य मुले शाळेची अखेरची परीक्षा गाठण्यापूर्वीच शाळा सोडीत. चार-पाच वर्षे इंग्रजी शिकूनही त्यांना एखादे साधे पुस्तक वाचता येत नसेल, तर त्या वर्षांचे सरेंडर मूल्य शून्यच म्हटले पाहिजे. हे मूल्य वाढवावयाचे असेल, तर पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याच्या हाती काही तरी वापरण्याजोगे पडले पाहिजे, आणि वेस्ट यांच्या मते ते वाचनाचे सामर्थ्य होय.

प्रचलित वाचनमालांची त्यांनी या दृष्टीने तपासणी केली, तेव्हा दोन दोष आढळले. एक तर त्यांत दुर्मिळ व वाङ्मयीन शब्दांचा भरणा असे. दुसरे म्हणजे नवे शब्द इतक्या दाटीने येत की, एक शब्द रुळण्यापूर्वीच दुसरे दहा अंगावर येत. थॉर्नडाइक यांच्या यादीचा आधार घेऊन वेस्ट यांनी अपरिचित शब्दांच्या जागी नित्य वापरातले शब्द घातले व नव्या शब्दांमधील अंतर वाढविले. शब्दांची निवड व शब्दांची पेरणी या दोन तत्त्वांवर उभारलेली त्यांची ‘न्यू मेथड’ वाचनमाला लाँगमन्स यांनी प्रसिद्ध केली व ती अनेक देशांत पसरली. येथे शब्दगणना हे परीक्षेचे साधन नव्हते. तिने तपासले ते पुस्तकाला, विद्यार्थ्याला नव्हे. पुस्तक विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे की नाही, हा तिचा प्रश्न होता, आणि उत्तर प्रतिकूल आले तर बदलावयाचे ते पुस्तक.

वेस्ट यांच्या भूमिकेला अर्थात वासाहतिक राज्यव्यवस्थेची चौकट होती. बंगाली विद्यार्थ्यास इंग्रजी कशासाठी हवी, हे येथे एक इंग्रज अधिकारी ठरवीत होता. आणि बोलण्यापेक्षा वाचनास दिलेले प्राधान्य हे त्या चौकटीत सोयीचेही होते. तथापि अर्धवट शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला हिशेबात धरण्याची त्यांची दृष्टी त्या काळच्या परीक्षाप्रधान शिक्षणात अपवादात्मक होती, हे मान्य करावे लागते.

याच सुमारास जपानात हॅरल्ड पामर निराळ्या वाटेने त्याच ठिकाणी येत होते. १९२२ मध्ये जपानच्या शिक्षणखात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून ते तेथे गेले व पुढील वर्षी टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे प्रमुख झाले. १९३६ पर्यंत ते त्या पदावर होते. केवळ वारंवारतेवर विसंबून निवड केली तर शिक्षणास अत्यावश्यक असे शब्द गळतात, असे त्यांचे मत होते. वर्गात लागणारे खडू, फळा यांसारखे शब्द ग्रंथांच्या गणनेत खाली राहतात. शिवाय शब्द एकेकटा येत नाही, तो आपल्या सोबत्यांसह येतो, हे त्यांनी ओळखले. इंग्रजीतील अशा शब्दसंगतींवरील त्यांचा अहवाल १९३३ चा आहे.

या दोन्ही प्रवाहांचा संगम १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने भरलेल्या परिषदेत झाला. वेस्ट, पामर, थॉर्नडाइक व लॉरेन्स फॉसेट हे तिच्यात सहभागी होते. परिषदेचा अंतरिम अहवाल १९३६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे वेस्ट यांची १९५३ मधील ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’. सुमारे दोन हजार मुख्य शब्दांच्या या यादीचे वैशिष्ट्य हे की, तीत शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांची टक्केवारी दिली आहे. शब्द वारंवार येतो एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या अर्थाने वारंवार येतो हे शिक्षकास कळले पाहिजे, ही जाणीव येथे प्रथमच व्यवस्थित रीतीने व्यक्त झाली. साधारण इंग्रजी मजकुरातील सुमारे ८० टक्के शब्द या यादीत सापडतात. हे प्रमाण मोठे वाटते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, ही सर्व यादी आत्मसात केलेल्या वाचकालाही दर पाच शब्दांमागे सरासरी एक शब्द अडतो.

५

इकडे शिक्षक कोणते शब्द शिकवावेत याचा शोध घेत असता, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत निराळाच प्रश्न विचारला जात होता. माणसाला एकूण किती शब्द येतात? ई. ए. कर्कपॅट्रिक यांनी १८९१ मध्येच कोशातील नमुना घेऊन असा अंदाज केला होता. पद्धत सोपी होती. कोशातून ठराविक अंतरावरील शब्द निवडावयाचे, त्यांपैकी किती येतात हे पाहावयाचे व ते प्रमाण सबंध कोशाला लावावयाचे.

या पद्धतीचे सामर्थ्य व तिच्यातील धोका हे दोन्ही सीशोर व एकर्सन यांच्या १९४० च्या अभ्यासात स्पष्ट दिसतात. एका बृहत्कोशातून नमुना घेऊन त्यांनी अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची शब्दसंपत्ती साधित शब्दांसह दीड लाखाहून अधिक असल्याचा निष्कर्ष काढला. हा आकडा पुढे अनेक वर्षे उद्धृत होत राहिला. १९६३ मध्ये लॉर्ज व जीन चॉल यांनी त्यातील दोष दाखवून दिला. बृहत्कोशात नित्य वापरातल्या शब्दांना जागा पुष्कळ लागते, कारण त्यांचे अर्थ अनेक, रूपे अनेक, आणि काही वेळा नोंदीही अनेक. म्हणून पानावरील जागेच्या आधारे नमुना घेतला की, सोप्या शब्दांची निवड अधिक होते, आणि ज्ञानाचा अंदाज फुगतो. या चुका टाळून गोल्डन, नेशन व रीड यांनी १९९० मध्ये वेबस्टर यांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय कोशाच्या आधारे सुशिक्षित इंग्रजी भाषकांची शब्दसंपत्ती तपासली; ती सुमारे १७,००० मूळ शब्द एवढीच भरली. म्हणजे दीड लाख व सतरा हजार या दोन आकड्यांतील तफावत केवळ माणसामाणसांतील नाही. साधित शब्द निराळे धरावयाचे की मूळ शब्दात मोजावयाचे, आणि नमुना कसा घ्यावयाचा, या दोन निर्णयांतून ती निर्माण झाली.

नमुन्याच्या हिशेबात आणखी एक खाच आहे. एक लाख नोंदींच्या कोशातून दोनशे शब्द परीक्षेसाठी घेतले, तर प्रत्येक शब्द पाचशे शब्दांचा प्रतिनिधी ठरतो. प्रश्नास चार पर्यायी उत्तरे दिली असतील, तर काहीही न येणारा उमेदवार केवळ तर्काने सरासरी पन्नास प्रश्न बरोबर सोडवील व पंचवीस हजार शब्दांचा धनी ठरेल! परीक्षेतील लहानशी त्रुटी अशा गुणाकारात प्रचंड होते, हे विसरता येत नाही.

६

शब्द येतो म्हणजे काय, या प्रश्नाला १९४२ मध्ये ली क्रॉनबाक यांनी हात घातला. त्यांच्या मते शब्दज्ञानाची पाच अंगे आहेत. शब्दाची व्याख्या सांगता येणे, योग्य प्रसंगी तो लावता येणे, त्याचे विविध अर्थ ठाऊक असणे, कोणत्या ठिकाणी तो लागू पडतो व कोणत्या ठिकाणी नाही हे काटेकोरपणे ओळखता येणे, आणि बोलता-लिहिताना तो आपोआप सुचणे. प्रचलित परीक्षा यांपैकी पहिल्या अंगाभोवतीच घोटाळत होत्या. पुढे जॅक रिचर्ड्स यांनी १९७६ मध्ये हे विवेचन अधिक विस्तारले व शब्दाची वारंवारता, त्याच्या संगती, त्याची व्याकरणिक वागणूक व साहचर्ये यांचाही त्यात अंतर्भाव केला.

परीक्षापद्धतीचा ओघ मात्र नेमक्या उलट दिशेने वाहत होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यातील भरतीसाठी वापरल्या गेलेल्या सामूहिक चाचण्यांनंतर बहुपर्यायी प्रश्नांचा प्रसार झपाट्याने झाला. ते तपासण्यास सोपे, गुणदानात एकवाक्यता राखणारे व हजारो उमेदवारांना एकाच वेळी देता येण्याजोगे होते. शब्दज्ञान तर या पद्धतीला फारच मानवले. एक शब्द, चार अर्थ, एक खूण. १९६४ मध्ये अमेरिकन विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या परकीय विद्यार्थ्यांसाठी ‘टोफेल’ ही परीक्षा सुरू झाली, तेव्हा तीत शब्दांचा स्वतंत्र विभाग होता. त्याचे गुण विश्वसनीय असत व वाचनाच्या गुणांशी त्यांचा मेळही चांगला बसे. तरीही त्याविरुद्ध आक्षेप वाढत गेले. परीक्षेसाठी विद्यार्थी संदर्भहीन शब्दांच्या लांबलचक याद्या घोकू लागतात व त्यात भाषा दूरच राहते, हा त्यांतील प्रमुख आक्षेप. १९७६ मध्ये हा विभाग वाचनाच्या विभागाशी जोडण्यात आला, आणि १९९५ मध्ये शब्दांवरील सुटे प्रश्न काढून टाकून ते वाचनाच्या उताऱ्यांतच गुंफण्यात आले. परीक्षा विद्यार्थ्याचे ज्ञान मोजते, तशीच ती त्याचे अध्ययनही घडविते किंवा बिघडविते, ही गोष्ट या तीस वर्षांच्या अनुभवातून अधोरेखित झाली.

७

१९८० नंतर शब्दमापनाच्या अभ्यासाला नवी चालना मिळाली. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील विद्यापीठात पॉल नेशन यांनी १९८३ मध्ये शब्दस्तर-चाचणी तयार केली. तिचे पाच स्तर होते : दोन, तीन, पाच व दहा हजार शब्दांचे चार, आणि विद्यापीठीय शब्दांचा एक. प्रश्नाची मांडणी अशी की, सहा शब्दांसमोर तीन अर्थ द्यावयाचे व विद्यार्थ्याने योग्य जोड्या लावावयाच्या. अर्थ सोप्या शब्दांत व त्रोटक असत. स्तर ठरविताना थॉर्नडाइक व लॉर्ज यांच्या यादीचा आधार घेऊन ती वेस्ट यांच्या यादीशी ताडून पाहिली होती. साठ वर्षांपूर्वीची गणना अशा रीतीने पुन्हा वर्गात आली. मात्र नेशन यांचा हेतू वेस्ट यांच्याशी मिळताजुळता होता. विद्यार्थी कोणत्या स्तरावर अडला आहे हे शिक्षकास कळावे व पुढील अध्यापन त्याने त्याप्रमाणे आखावे, यासाठी ही चाचणी होती. विद्यार्थ्याच्या एकूण शब्दसंपत्तीचा आकडा तिच्यातून काढणे अभिप्रेत नव्हते. एकूण आकड्यासाठी नेशन व बेग्लर यांनी २००७ मध्ये निराळी चाचणी रचली. तीत चौदा हजार शब्दकुलांतून प्रत्येक हजारामागे दहा असे १४० प्रश्न होते.

ब्रिटनमध्ये पॉल मेअरा यांनी याहून साधा मार्ग धरला. विद्यार्थ्यास शब्दांची यादी द्यावयाची व त्याने येणाऱ्या शब्दांवर खूण करावयाची. प्रामाणिकपणाची परीक्षा म्हणून यादीत काही बनावट शब्द मिसळावयाचे. जे शब्द भाषेत नाहीतच तेही येतात असे जो म्हणतो, त्याचे गुण त्या प्रमाणात कमी करावयाचे. मेअरा व बक्स्टन यांचा या पद्धतीवरील लेख १९८७ चा आहे. पुढे चौदा युरोपीय भाषांसाठी तयार झालेल्या ‘डायलँग’ या संगणकीय चाचणीत विद्यार्थ्याचा प्राथमिक स्तर ठरविण्यासाठी पन्नास खरी व पंचवीस बनावट क्रियापदे याच रीतीने वापरली गेली. थोड्या वेळात पुष्कळ शब्द तपासता येतात, हा या पद्धतीचा गुण. तर शब्द ओळखीचा वाटणे व तो येणे यांतील अंतर तिला दिसत नाही, हा दोष.

हे अंतर भरून काढण्याचे प्रयत्नही झाले. जॉन रीड यांनी १९९३ मध्ये एका शब्दाशी अर्थाने व संगतीने जोडले गेलेले शब्द निवडावयास सांगणारी चाचणी मांडली. वेशे व परिबाख्त यांनी १९९६ मध्ये शब्द कधी पाहिलाच नाही येथपासून तो वाक्यात योग्य रीतीने वापरता येतो येथपर्यंत पाच पायऱ्यांची श्रेणी दिली. शब्दज्ञानाची रुंदी व त्याची खोली असा भेद यातून रूढ झाला. परंतु खोली मोजावयाची तर प्रत्येक शब्दास वेळ फार लागतो; म्हणून शब्द थोडेच घेता येतात, आणि थोड्या शब्दांवरून सबंध संपत्तीविषयी बोलता येत नाही. ही कोंडी आजही सुटलेली नाही.

८

या इतिहासाचा मराठीशी संबंध दूरचा नाही. २०२० मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन व अध्ययन सक्तीचे करणारा अधिनियम संमत केला. त्यामुळे ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलांच्या मराठी शब्दज्ञानाचे मापन हा केवळ तात्त्विक प्रश्न राहिला नाही. इंग्रजीसाठी घडविलेल्या चाचण्यांचा साचा मराठीस जसाच्या तसा लावल्यास काय होईल, याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण शब्द कशाला म्हणावयाचे याचे. इंग्रजीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे रूप बहुधा ओळखू येते. मराठीत ‘घर’ या शब्दापासून घरी, घराला, घरातून, घरचा, घरासमोर अशी रूपे होतात, आणि अनेक नामांचे सामान्यरूप मूळ शब्दापासून बरेच दूर जाते. ‘ऊस’ हा शब्द येणाऱ्या मुलास ‘उसाला’ हे रूप ओळखता येईलच असे नाही. तसेच ‘पाणी’ व ‘पाण्यात’, ‘मूल’ व ‘मुलांना’. मराठी भाषकास ही रूपे एकच शब्द वाटतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती काही काळ निरनिराळीच असतात. सर्व रूपे एका शब्दकुलात मोजली, तर त्याचे ज्ञान वास्तवाहून अधिक दिसेल. निराळी मोजली, तर शब्दांची संख्या अवाढव्य होईल.

दुसरे उदाहरण अर्थाचे. ‘लागणे’ हे क्रियापद वारंवारतेच्या कोणत्याही यादीत वरच असणार. परंतु भूक लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, माणूस नोकरीला लागतो, मूल चालू लागते व आंब्याला पाड लागतो. यांपैकी कोणता ‘लागणे’ आला म्हणजे शब्द आला, असे समजावयाचे? वेस्ट यांनी अर्थांची टक्केवारी का दिली, हे अशा शब्दांवरून ध्यानात येते.

तिसरे उदाहरण भगिनीभाषांचे. हिंदी भाषक मुलास ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘संसार’, ‘संशोधन’ हे शब्द येतात का असे विचारले, तर तो निःशंकपणे होकार देईल. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण व ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. मराठीत एक दंड आहे व दुसरी थट्टा. हिंदीतला ‘संसार’ जगाएवढा असतो, मराठीतला बहुधा घराएवढा. आणि मराठीत ज्यास संशोधन म्हणतात त्यास हिंदीत शोध म्हणतात, तेथे ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. मेअरा यांच्या पद्धतीतील बनावट शब्द या मुलास पकडू शकणार नाहीत, कारण तो खोटे बोलत नाही. त्याला शब्द येतो. फक्त तो या भाषेतला नाही.

अशा ठिकाणी अर्थ मातृभाषेत विचारणे हा एक उपाय ठरतो. नेशन व बेग्लर यांच्या चाचणीची व्हिएतनामी व रशियन भाषकांसाठी केलेली रूपे अशीच द्वैभाषिक आहेत. त्यांत उत्तराचे पर्याय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत असतात. एके काळी जुनाट म्हणून बाजूस सारलेले भाषांतर येथे परीक्षेच्या दारातून पुन्हा आत आले आहे. तर्खडकरांच्या पिढीला हे पाहून आश्चर्य वाटले नसते.

९

एकंदर इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. शब्दसंपत्तीचा कोणताही आकडा स्वयंसिद्ध नसतो; शब्दाचा एकक, नमुन्याची रीत व ज्ञानाची कसोटी सांगितल्याखेरीज त्यास अर्थ नाही. वारंवारतेची यादी ज्या वाङ्मयातून निघते त्या वाङ्मयाची छाप तिच्यावर राहते, आणि ती यादी चाचणीत गेली की ती छाप अदृश्य होते. दुसरी गोष्ट अशी की, रुंदी व खोली यांपैकी एकाच्या मापनाने दुसऱ्याचे काम भागत नाही. कोणते मोजावयाचे हे प्रयोजनावरून ठरले पाहिजे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा मुद्दा प्रारंभी उल्लेखिलेल्या तिसऱ्या प्रश्नाचा आहे. नेशन यांच्या २००६ मधील हिशेबाप्रमाणे, इंग्रजी मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावयाचे, म्हणजे पन्नासांत एकच शब्द अडावयाचा, तर वाचकास आठ ते नऊ हजार शब्दकुले यावी लागतात. हे वाचल्यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया संभवतात. एक परीक्षकाची : ज्याला इतके शब्द येत नाहीत तो अपात्र. दुसरी शिक्षकाची : ज्याला दोनच हजार येतात त्याच्या हाती आज कोणते पुस्तक द्यावे? आकडा एकच असला, तरी पहिल्या प्रतिक्रियेत तो दार बंद करतो व दुसरीत तो वाट दाखवितो.

वेस्ट यांच्या अहवालातील मुलगा शाळा सोडून गेला त्यास आता शंभर वर्षे होत आली. त्याच्या इंग्रजीचे सरेंडर मूल्य किती, हा प्रश्न ज्या दिवशी विचारला गेला, त्या दिवशी शब्दगणनेला तिचे खरे प्रयोजन सापडले होते. पुढील चाचण्या अधिक शास्त्रशुद्ध झाल्या, त्यांची विश्वसनीयता वाढली, नमुने सुधारले. पण हा प्रश्न त्यांच्या प्रश्नपत्रिकांत क्वचितच उमटला. मराठी शिकणाऱ्या परभाषक मुलांसाठी उद्या ज्या चाचण्या रचल्या जातील, त्यांच्या यथार्थतेची पहिली कसोटी हीच असावी : तिसऱ्या किंवा चौथ्या इयत्तेत ज्याचे मराठी सुटेल, त्याला तोवरच्या शब्दांत निदान बाजारातील पाटी, बसवरील फलक व शेजाऱ्याची चिठ्ठी वाचता येईल काय, हे त्या चाचणीस सांगता आले पाहिजे.